डीबगर बांधणाऱ्या टूल्स टीमना खुलं पत्र: स्क्रिप्टिंग देताय, तर करारही द्या

चिपसोबत स्वतःचा डीबगर (प्रोग्रॅम थांबवून त्यातली चूक शोधायचं साधन) पुरवणाऱ्या कंपन्यांमधल्या टूल्स टीमना,

सप्रेम नमस्कार.

‘पुढच्या आवृत्तीत स्क्रिप्टिंग सपोर्ट येतोय’ हे वाक्य हल्ली तुमच्या जवळजवळ प्रत्येक सादरीकरणात असतं. ऐकून बरं वाटतं. पण त्याखाली तपशील म्हणून एकच शब्द लिहिलेला असतो: पायथॉन. मागणी करणारेही तेवढंच लिहितात. एका ओळीची मागणी, एका शब्दाचं उत्तर, आणि मधल्या सगळ्या मामल्यावर कोणी बोलतच नाही. त्यासाठी हे पत्र. मराठीत अशासाठी की तुमच्यातले पुष्कळजण पुण्यात नाहीतर बेंगळुरात बसून हेच काम करतात, आणि जेवणाच्या सुट्टीत हा वाद आपण मराठीतच घालतो. तिकिटाच्या रकान्यात शिरला की त्यातला जीव जातो.

आधी आम्हाला नेमकं काय हवंय ते सांगतो. आम्ही मोटर कंट्रोलचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच बसणारा प्रोग्रॅम, लिहितो. बोर्ड अडकला, प्रोब (पीसी आणि बोर्ड जोडणारं साधन) लावला, प्रोग्रॅम थांबवला, की तुमच्या खिडकीत दिसतो एक सोळा-अंकी पद्धतीतला पत्ता आणि त्याखाली बाइट्सची रांग. आम्हाला बघायचं असतं की ही एक क्यू आहे, हिच्या आठ जागांपैकी सहा भरल्यात, आणि सर्वात जुना निरोप अमुक टास्कने टाकलेला आहे. आरटीओएसमधल्या (चिपवर चालणाऱ्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या) टास्कची यादी, प्रत्येकीचा स्टॅक किती उरलाय, हीपमध्ये (लागेल तशी मागून घ्यायच्या मेमरीत) कुठे भोक पडलंय, हे सगळं मेमरीतच पडलेलं असतं. त्याचा अर्थ कसा लावायचा ते फक्त आम्हाला ठाऊक असतं, आणि तो अर्थ डीबगरला शिकवण्याची सोय म्हणजे स्क्रिप्टिंग. म्हणजे इथे दोघांचं ज्ञान एकत्र यायचं असतं. तुम्हाला चिप कळते, आम्हाला प्रोग्रॅम कळतो. मधली सीमारेषा कशी आखलीय यावर पुढची दहा वर्षं कोण कोणाला शिव्या घालणार ते ठरतं.

जीडीबी या ग्नू प्रकल्पाच्या डीबगरचा इतिहास तुम्हाला माहीतच असेल, तरी एक गोष्ट त्यातून उचलतो. १९८६ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी तो लिहायला घेतला. त्याला स्वतःची आज्ञांची भाषा होती: नवी आज्ञा बनवता यायची, ‘इफ’ होतं, ‘व्हाइल’ होतं, डॉलरचं चिन्ह लावून व्हेरिएबल ठेवता यायची. त्यात लोकांनी काय काय केलं! सी++ मधला व्हेक्टर (घटकांची यादी) नीट छापता यावा म्हणून लायब्ररीच्या पोटातली खाजगी नावं वापरणारे लांबलचक मॅक्रो एकमेकांच्या होम डिरेक्टरीतून फिरत असायचे. पायथॉन आलं ते ७.० या आवृत्तीत, २००९ साली. म्हणजे वीसहून जास्त वर्षं गेली. स्वतःची छोटी भाषा बनवायचा मोह तुमच्यापैकी ज्यांना होतोय त्यांनी हा काळ डोळ्यांसमोर ठेवावा. स्ट्रिंग तोडायची सोय नाही, यादी नाही, फाइल उघडता येत नाही. मग दर आवृत्तीत एकेक गोष्ट चिकटवत जायची. त्या भाषेत काही लिहिलं तर ते दुसरीकडे कुठेच उपयोगी पडत नाही, आणि नव्याने रुजू झालेल्या पोरांना ती शिकवण्यात आमचा वेळ जातो.

पण २००९ मध्ये खरा फरक पायथॉनने पडला असं मला वाटत नाही. फरक पडला तो स्क्रिप्टच्या हातात वस्तू आल्याने. व्हेरिएबलची किंमत ही ‘व्हॅल्यू’ नावाची वस्तू झाली, तिला टाइप आहे, त्या टाइपला फील्ड आहेत, फील्डच्या नावाने आत उतरता येतं, पॉइंटर असेल तर तो जिथे नेतो तिथे जाता येतं. स्टॅकवरची फ्रेम (चालू फंक्शनची मेमरीतली जागा) ही वस्तू, ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण) ही वस्तू. त्याआधी बाहेरचे कित्येक प्रोग्रॅम जीडीबीला चालवायचे ते टर्मिनलवर माणूस बसल्याचं सोंग घेऊन: आज्ञा टाइप करायची आणि जो मजकूर उमटेल तो रेग्युलर एक्स्प्रेशनने फोडायचा.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. तुमच्यापैकी काहींचं ‘पायथॉन सपोर्ट’ म्हणजे नेमकं हेच असतं. एकच फंक्शन असतं, त्याला आज्ञेची स्ट्रिंग द्यायची आणि ते उत्तराची स्ट्रिंग परत देतं. बस. एका टूलमध्ये (नाव घेत नाही) नव्या आवृत्तीत रजिस्टरांच्या (चिपमधल्या छोट्या साठवण-जागांच्या) तक्त्यातला एक रकाना थोडा रुंद झाला. स्क्रीनवर ते छान दिसायला लागलं, आणि आमच्या रात्रीच्या चाचण्या सकाळी सगळ्या लाल. तक्रार केली तर उत्तर आलं की दिसण्यातला बदल हा इंटरफेसमधला बदल धरला जात नाही. तुमच्या बाजूने ते बरोबरच होतं. पण दिसणं सोडून दुसरा इंटरफेस दिलाच नसेल, तर दिसणं हाच इंटरफेस होतो, मग तुम्ही तो धरा किंवा न धरा. जीडीबीतही आज्ञा चालवून मजकूर स्ट्रिंगमध्ये घेण्याची सोय आहेच, आणि असावी. पण ती मागच्या दाराची सोय आहे, आणि वस्तूंची बाजू जसजशी भरत गेली तसतसं त्या दाराने जाणं कमी झालं.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर तुमच्या दस्तऐवजात बहुधा एक वाक्यही नसतं. स्क्रिप्टने ‘ही किंमत दे’ म्हटल्यावर डीबगर प्रत्यक्ष बोर्डावर काय करतो?

डेस्कटॉपवर मेमरी वाचणं फुकट आणि निरुपद्रवी असतं. आमच्याकडे दोन्ही खोटं. एसटीएम३२ चिपच्या एफ४ मालिकेतलं यूएआरटी घ्या, म्हणजे सिरियल डेटाची ये-जा करणारं चिपमधलं उपकरण (पेरिफेरल). त्यात स्टेटस रजिस्टर वाचून मग डेटा रजिस्टर वाचलं की ‘बाइट आलाय’ हा झेंडा आणि ‘आधीचा बाइट वाया गेला’ हा झेंडा, दोन्ही उतरतात. म्हणजे आमच्या सुंदर प्रिंटरने (स्ट्रक्चर वाचता येईल अशा रूपात दाखवणाऱ्या स्क्रिप्टने) पेरिफेरलचं स्ट्रक्चर उघडून एकेक फील्ड दाखवलं, की ज्या चुकीच्या शोधात आम्ही होतो तिचा पुरावाच पुसला गेला. त्यानंतर प्रोग्रॅम वेगळा वागतो, आणि डीबगर लावला की बग पळून जातो अशी अफवा ऑफिसात पसरते. गंमत म्हणजे कोणतं रजिस्टर वाचल्याने बदलतं ही माहिती तुमच्याकडे आधीपासून असते. पेरिफेरलच्या खिडकीसाठी तुम्ही ज्या एसव्हीडी फाइली (चिपमधल्या रजिस्टरांचं वर्णन) वाचता, त्यात रजिस्टर वाचल्याचा परिणाम काय होतो ते नोंदवायला वेगळी जागाच ठेवलेली आहे. तुमची स्वतःची खिडकी ती नोंद पाळते. स्क्रिप्टचा इंटरफेस मात्र त्या नोंदीला बगल देऊन थेट मेमरी वाचतो. का? एकाच टूलमधली दोन दारं, एकाला कुलूप आणि दुसरं सताड उघडं.

जीडीबीने इथे एक शहाणपणाची गोष्ट केलीय ती तशीच उचला: किंमत आळशी ठेवली. स्ट्रक्चरची ‘व्हॅल्यू’ हातात आली म्हणून मेमरी वाचली गेली असं होत नाही. खरोखर गरज पडेल तेव्हाच वाचलं जातं, आणि अजून वाचलंय की नाही हे स्क्रिप्टला विचारता येतं. त्याच्या कॅशबद्दलची सावधगिरीही पाहा. दूरच्या टार्गेटवरून वाचलेल्यापैकी तो आपणहून फक्त स्टॅक आणि कोड जपून ठेवतो, बाकी मेमरी दरवेळी नव्याने वाचतो, कारण एखाद्या पत्त्याच्या मागे रॅम आहे की पेरिफेरल हे त्याला ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक असतं! चिप तुमची आहे. रॅम कुठून कुठपर्यंत, पेरिफेरल कुठे, हा नकाशा तुमच्या लिंकर स्क्रिप्टमध्ये (मेमरीत काय कुठे बसवायचं ते सांगणाऱ्या फाइलीत) आणि त्या एसव्हीडी फाइलींमध्ये पडलेला आहे. जीडीबीला जे करता येत नाही ते तुम्हाला करता येतं, आणि तुमचं टूल विकत घेण्यामागे आमच्या दृष्टीने हे एक मोठं कारण ठरेल.

आणि वेळ. सीएमएसआयएस-डॅप या प्रोबशी बोलायच्या प्रमाणित पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीचे प्रोब यूएसबीवर एचआयडी (कीबोर्ड-माउससारखं) साधन म्हणून बसतात, म्हणजे फुल-स्पीडवर एक सवाल-जवाब व्हायला किमान एक-दोन मिलिसेकंद. पाचशे नोडची लिंक्ड लिस्ट, प्रत्येक नोडमधली तीन फील्ड वेगवेगळी वाचली, तर दीड हजार फेऱ्या: दीड ते तीन सेकंद. एकदा चालतं. पण व्हेरिएबलची खिडकी प्रत्येक स्टेपला ताजी होते, म्हणजे एकेक ओळ पुढे जायला तीन सेकंद. लोक मग स्क्रिप्टच बंद करून टाकतात आणि तुमच्या अहवालात लिहिलं जातं की वापरकर्त्यांना स्क्रिप्टिंगमध्ये रस नाही. म्हणून ‘या पत्त्यापासून इतके बाइट एकदम आण’ आणि ‘या वीस पत्त्यांवरचं एका फेरीत आण’ अशा दोन्ही सोयी पहिल्या दिवसापासून हव्यात. नंतर देऊ म्हणाल तर तोवर लोकांनी आपापल्या स्क्रिप्ट एकेक फील्ड वाचत लिहून ठेवलेल्या असतील.

याला लागूनच मर्यादेचा प्रश्न येतो. फंक्शनच्या पहिल्या ओळीवर थांबलं की लोकल व्हेरिएबलमध्ये कचरा असतो. व्हेक्टरचा प्रिंटर तो कचरा खरा मानून ‘इथे चार अब्ज घटक आहेत’ म्हणतो आणि छापायला बसतो. जीडीबीत प्रिंटरने आतल्या घटकांची आख्खी यादी बनवून द्यायची नसते, एकेक काढून देणारा इटरेटर द्यायचा असतो. मूळ मर्यादा २०० घटकांची, तिथे पोचलं की डीबगर मागणं थांबवतो. लगाम डीबगरच्या हातात राहतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने काळजी घेतली नाही तरी टूल लटकत नाही. असे इंटरफेस बघितले की ते बनवणाऱ्याला कधीतरी स्वतः याचा त्रास झाला असणार हे कळतं.

आता वस्तूंच्या आयुष्याकडे येतो. स्क्रिप्टने एक फ्रेम धरून ठेवली. प्रोग्रॅम पुढे चालला, ते फंक्शन परतलं, त्याच पत्त्यावर दुसऱ्याच फंक्शनची फ्रेम आली. घरातला भाडेकरू बदलला आणि पाटीवरचा पत्ता तोच, तर जुन्या नावाने पाठवलेलं पत्र पोचतं खरं, फक्त वाचतो भलताच. स्क्रिप्टच्या हातातल्या त्या जुन्या फ्रेमचं काय व्हावं? जीडीबीचं उत्तर स्पष्ट आहे: फ्रेमला ‘तू अजून वैध आहेस का’ असं विचारता येतं, आणि न विचारता वापरली तर एक्सेप्शन येतं. एलएलडीबी या दुसऱ्या डीबगरचं उत्तर वेगळं. त्याच्या प्रत्येक वस्तूला वैधता विचारता येते, पण अवैध वस्तूवर काही करायला गेलात तर ती मुकाट रिकामं उत्तर देते. त्यांचा विचार असा की डीबगर आयडीईच्या (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या) पोटात बसलेला असतो, एका स्क्रिप्टमुळे सगळं कोसळता कामा नये.

मला दुसरी रीत पटत नाही, आणि का ते सांगतो. एलएलडीबीत ‘ही किंमत पूर्णांक म्हणून दे’ असं मागितलं आणि वाचताच आली नाही, तर परत येतो शून्य. त्रुटीची वस्तू वेगळी पाठवलीत, किंवा अपयश आल्यास अमुक आकडा दे असं आधी सांगून ठेवलंत, तरच फरक कळतो. पण घाईत कोण पाठवतं? मोटरच्या प्रवाहाची किंमत खरोखर शून्य असणं आणि ती वाचता न येणं, यातल्या फरकासाठीच तर आम्ही प्रोब लावून बसलेलो असतो. डीबगर ही जागाच अशी आहे की तिथे येणारी अर्धी माहिती तुटकी असते. पॉइंटर लटकलेले, मेमरी न मिळणारी, ऑप्टिमायझरने व्हेरिएबल गायब केलेलं. इथे अपयश हा अपवाद समजून चालत नाही, ते रोजचं आहे. ‘वाचता आलं नाही’, ‘ऑप्टिमाइझ होऊन गेलंय’ आणि ‘शून्य आहे’ ही तीन वेगळी उत्तरं तीन वेगळ्या रूपांत मिळाली पाहिजेत. कोसळण्याची भीती असेल तर स्क्रिप्टभोवती कुंपण घाला, प्रिंटरच्या जागी लाल अक्षरांत चूक दाखवा. पण खोटा शून्य देऊ नका.

‘सध्याची’ फ्रेम, ‘सध्याचा’ थ्रेड अशा जागतिक (ग्लोबल) व्हेरिएबलांपासूनही दूर राहा. एलएलडीबीत अशी सोयीची व्हेरिएबल आहेत, पण ती समोर बसून टाइप करणाऱ्यासाठी. आज्ञा बनवणाऱ्या फंक्शनमध्ये ती वापरू नका असं त्यांच्याच दस्तऐवजात बजावलंय, आणि त्या फंक्शनला संदर्भ वेगळा हातात दिला जातो. दोन कोअरची चिप असेल तर ‘सध्याचा’ म्हणजे कोणता, हा प्रश्न आमच्याकडे चेष्टेचा राहत नाही.

ब्रेकपॉइंटवर चालणाऱ्या फंक्शनबद्दल थोडं सविस्तर, कारण गैरसमज इथे सर्वात जास्त. जीडीबीत ब्रेकपॉइंटच्या वस्तूला ‘स्टॉप’ नावाचं फंक्शन देता येतं: ते ‘हो’ म्हणालं तर प्रोग्रॅम थांबलेला राहतो, ‘नाही’ म्हणालं तर गुपचूप पुढे जातो. या फंक्शनच्या आतून प्रोग्रॅम पुढे चालवायचा नाही, फ्रेम बदलायची नाही, ब्रेकपॉइंट घालायचे-काढायचे नाहीत, असं दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय. असंच लिहा. किंबहुना नुसतं लिहू नका, तसं करायला गेलं तर अडवा. आणि आणखी एक गोष्ट लिहा जी तिथे वाचणाऱ्याला स्वतः ओळखावी लागते: हे फंक्शन पीसीवर चालतं. म्हणजे प्रत्येक वेळी चिप खरोखर थांबते, बातमी केबलवरून इकडे येते, पायथॉन विचार करतं, आज्ञा परत जाते. आमचा कंट्रोल लूप २० किलोहर्ट्झवर फिरतो, एका फेरीला ५० मायक्रोसेकंद. तेवढ्यात हे होणं शक्य नाही, आणि मोटर फिरत असताना लूप थांबला तर मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. साध्या अटी टार्गेटच्या बाजूलाच तपासता येतात. जीडीबीत त्या छोट्या बाइटकोडमध्ये बदलून पलीकडे पाठवायची सोय आहे, पलीकडच्या सर्व्हरला ते कळत असेल तर. तुमचा प्रोब तुमचाच आहे. त्यातल्या प्रोसेसरवर अशी अट तपासता आली तर निदान यूएसबीची फेरी वाचेल. पण कोणती अट कुठे तपासली जाणार हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला आधी कळलं पाहिजे, बोर्ड जळाल्यावर नव्हे.

थ्रेडचा नियम तर एका वाक्याचा आहे. जीडीबीचे फंक्शन जीडीबीच्याच थ्रेडमधून बोलवायचे, दुसऱ्या थ्रेडला काही करायचं असेल तर काम रांगेत टाकून द्यायचं, तशी सोय आहे. तुमचा नियम जो असेल तो लिहून टाका, एवढंच.

भाषेवर मी फार भांडणार नाही. पायथॉन द्या, लोकांना येतं. फक्त दोन गोष्टी बघून ठेवा. एक म्हणजे आकड्यांची रुंदी. मायक्रोसॉफ्टने विनडीबीजी या आपल्या डीबगरमध्ये जावास्क्रिप्ट आणलं तेव्हा अडचण अशी की जावास्क्रिप्टचा नेहमीचा आकडा ५३ बिटांपर्यंतचेच पूर्णांक अचूक धरतो, आणि कर्नलमधले पत्ते ६४ बिटांचे, वरचे सगळे बिट भरलेले. म्हणून त्यांना ६४-बिट पूर्णांकासाठी वेगळी वस्तू पुरवावी लागली, आणि पत्त्यांची बेरीज-वजाबाकी करताना ते भान ठेवावं लागतं. लुआ या भाषेचंही २०१५ सालच्या ५.३ आवृत्तीपर्यंत तसंच होतं. दुसरी गोष्ट, भाषा घेतलीत की तिचं नशीबही घेतलंत. पायथॉन २ वरून ३ वर जाताना जीडीबीने बरीच वर्षं दोन्ही सांभाळली. २०२२ ची १२ वी आवृत्ती ही पायथॉन २ चालणारी शेवटची. तुमच्या इन्स्टॉलरमध्ये कोणतं पायथॉन आहे, आम्हाला त्यात आमची पॅकेजेस घालता येतात का, आणि ते बदलाल तेव्हा किती आधी सांगाल? एकाऐवजी दोन भाषा देऊ असं कोणी म्हणत असेल तर जीडीबीतल्या गाईल या दुसऱ्या भाषेकडे बघा. २०१४ साली ७.८ मध्ये ते आलं, ग्नूची अधिकृत विस्तार-भाषा म्हणून मानाने आलं. पण वापर तुरळकच राहिला आणि पायथॉनकडे आलेल्या कित्येक गोष्टी तिकडे पोचल्याच नाहीत. दोन्ही घरी पाणी भरायला माणसं लागतात.

स्क्रिप्ट राहते कुठे, हेही ठरवा. तुमच्या इन्स्टॉल फोल्डरमध्ये नको. जीसीसी या कंपायलरच्या सी++ लायब्ररीचे प्रिंटर जीसीसीसोबत येतात, जीडीबीसोबत नाही. लिनक्स कर्नलच्या स्क्रिप्ट २०१५ पासून कर्नलच्याच सोर्समध्ये आहेत. टास्कची यादी, कर्नलचा लॉग वगैरे दाखवणाऱ्या आज्ञा त्यातून मिळतात. कारण उघड आहे: स्ट्रक्चर बदलणारा आणि प्रिंटर बदलणारा एकाच कमिटमध्ये ते करू शकतो. आमचंही तसंच हवं, फर्मवेअरच्या रेपॉझिटरीत. पण मग बायनरी उघडली की शेजारची स्क्रिप्ट आपोआप चालते, आणि ग्राहकाने पाठवलेल्या झिपमध्ये काय आहे ते आपल्याला कुठे माहीत असतं? जीडीबीने २०१२ साली ७.५ मध्ये विश्वासातल्या जागांची यादी आणली. त्या यादीबाहेरची स्क्रिप्ट आपोआप चालत नाही, कुठली ओळ घातली की चालेल ते तो सांगतो. पहिल्यांदा त्रासदायक वाटतं. तरीही तेच करा.

आता स्थैर्य. एलएलडीबीवर वर टीका केली, पण या बाबतीत त्यांच्याइतकी शिस्त मी दुसरीकडे पाहिलेली नाही. त्यांचा बाहेरचा इंटरफेस म्हणजे एसबी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावांचे सी++ क्लास. त्यांचे नियम छापील आहेत: या क्लासमध्ये व्हर्च्युअल फंक्शन नको, वारसा नको, आत डेटा एकच, तोही आतली बाजू झाकणारा पॉइंटर; एकदा दिलेलं फंक्शन काढायचं नाही, त्याची सही (ते काय घेतं आणि काय परत देतं) बदलायची नाही, हवं तर नवं शेजारी ठेवायचं. आतला सगळा डीबगर त्यांनी कितीही उलटापालटा केला तरी बाहेरच्याला धक्का लागत नाही. पायथॉनची बाजू याच क्लासांवरून यंत्राने तयार होते. किंमत अशी की इंटरफेस जरा अवजड दिसतो, आणि जुन्या चुका कायमच्या पदरी पडतात (तो शून्य आठवा). म्हणूनच पहिली आवृत्ती लहान ठेवा. तीस फंक्शन द्या पण ती दहा वर्षं टिकतील अशी द्या. तीनशे देऊन दरवर्षी चाळीस मोडणाऱ्यापेक्षा आम्ही तुम्हालाच दुवा देऊ.

यातलं काहीच जमणार नसेल तर निदान एक करा: तुमच्या स्वतःच्या खिडक्या याच इंटरफेसवर बांधा. सगळ्या नको, एक तरी. एलएलडीबीचा कमांड लाइन प्रोग्रॅम आणि एडिटरांशी बोलणारा त्यांचा डॅप सर्व्हर (हा डॅप म्हणजे डीबग अ‍ॅडॅप्टर प्रोटोकॉल, वरच्या प्रोबमधला डॅप नव्हे), दोन्ही एसबी क्लासांवर उभे आहेत. जीडीबीचा डॅप सर्व्हर पायथॉनमध्ये, त्याच्या स्वतःच्या पायथॉन इंटरफेसवर लिहिलेला आहे, आणि तो लिहिणाऱ्यांना एखादी गोष्ट मिळाली नाही तर ती त्यांना इंटरफेसमध्येच घालावी लागते. तुमची आरटीओएसची खिडकी आज खाजगी फंक्शन वापरते, ज्यांना दीड हजार फेऱ्या माराव्या लागत नाहीत. ती खिडकी सार्वजनिक इंटरफेसवर लिहून बघा. दुसऱ्याच दिवशी तुम्ही स्वतः एकत्र वाचनाची सोय मागाल.

काही टीम याच्याही पुढचा विचार करताहेत हे माहीत आहे. लिनक्स कर्नलसाठीचं ड्रॅगन (drgn) हे टूल स्वतःला डीबगर म्हणवतं, पण नेहमीच्या डीबगरसारखं नाही. ते पायथॉनची लायब्ररी आहे, चालू कर्नल किंवा क्रॅशचा डंप उघडायचा आणि त्यातल्या स्ट्रक्चरमधून पायथॉननेच फिरायचं. आमच्या रात्रीच्या चाचण्यांना खरं तर हेच हवं असतं: खिडकी नको, परवान्यासाठी वर येणारा डायलॉग नको, पन्नास ओळींची स्क्रिप्ट बोर्ड उघडते, हीप तपासते, बंद करते. पण हे वेगळं उत्पादन आहे आणि त्याची मागणी या पत्रातून करत नाही. इतकंच सुचवतो की वरची सीमारेषा नीट आखलीत तर पुढे हे बनवायला नवं काही फारसं लागणार नाही.

शेवटी एक व्यवहाराची विनंती. इंटरफेस गोठवण्याच्या निदान तीन महिने आधी त्याचा मसुदा बाहेर काढा. हेडर फाइल आणि पानभर नियम चालतील, देखणा दस्तऐवज नको. त्या पानावर ही उत्तरं असावीत: कोणत्या कृतीने बोर्डावर वाचन होतं, कोणत्या वस्तू प्रोग्रॅम पुढे सरकला की मरतात, अपयश कोणत्या रूपात येतं, कोणता कोड कुठल्या थ्रेडवर आणि कुठल्या यंत्रावर चालतो, आणि कोणतं नाव किती वर्षं टिकेल. आमच्याकडे क्यू, टास्क, हीप आणि फॉल्ट रजिस्टर वाचणाऱ्या स्क्रिप्ट जीडीबीसाठी लिहिलेल्या आहेत. त्यातल्या ज्या कंपनीच्या परवानगीने बाहेर देता येतात त्या आम्ही तुमच्या मसुद्यावर लिहून बघू आणि जिथे अडलो ते कळवू. मागच्या वेळी अशी विचारणा आली ती रिलीजच्या आदल्या आठवड्यात, सर्व्हेच्या लिंकसकट, एक ते पाच तारे द्या म्हणून. तसं नको.

आपला,
मोटर कंट्रोलवाला एक एम्बेडेड प्रोग्रॅमर, पुणे